वडिलांचा नंबर

सोलापुरात दोन तरुण माणसांना तासभर निवांत बोलायचं असेल तर त्यांनी जायचं कुठं? सिद्धेश्वर तलावाचा काठ आहे. भुईकोट किल्ल्याला लागून हुतात्मा बाग आहे. विजापूर रोडला कंबर तलाव आहे. भागवतच्या थिएटरात दुपारचा खेळ असतो. सात रस्ता, जुळे सोलापूर, होटगी रोड या बाजूला अलीकडे कॅफे निघालेत, पण तिथं दोन कॉफ्या सांगण्याआधी विद्यार्थ्याला खिसा चाचपावा लागतो. यादी इथंच संपते. आणि एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढं गेला की त्यातल्या निम्म्या जागा सकाळ-संध्याकाळपुरत्याच उरतात.

घरी बसून बोला म्हणणाऱ्यांनी आमच्या पूर्व भागातली घरं आठवावीत. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत स्वयंपाक, उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आई, शेजारी पानं कापणारी आजी, आणि रात्री त्याच दोन खोल्यांत अंथरुणाला अंथरूण लावून झोपणारी आठ-नऊ माणसं. मी तिथंच वाढले. भिंतीच्या एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला कन्नड, गल्लीच्या तोंडाशी उर्दू, मध्ये आमचं मराठी. कुणाच्या घरात काय शिजलं, कुणाला कुठलं स्थळ आलं, कुणाच्या मुलीचा पेपर अवघड गेला, सगळं सगळ्यांना माहीत. त्या घरांत मायाही भरपूर होती. एकटं बसून रडायला मात्र जागा नव्हती. मोरीचं दार लावलं तरी बाहेरून कुणीतरी विचारायचं, "किती वेळ?"

खासगीपणाला चौरस फूट लागतात, हे मला तिथं कळलं. ज्यांच्याकडे गाडी आहे, शेतावर बंगला आहे, पुण्याला फ्लॅट आहे, त्यांचं प्रेम कुणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून त्यांना संस्कृतीही कुणी शिकवत नाही. विडी कामगार बायकांसाठी लाल बावट्याच्या लांबलचक लढ्यातून कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, 10,000 घरांची. 2006 साली ती घरं मिळाली. तिथं राहायला गेलेल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, "नव्या घरात पहिल्या दिवशी काय केलं माहिताय का मॅडम? आतनं कडी घातली आणि नुसती बसून राहिले. कुणी दार वाजवलं नाही." बाईंचं वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. आतून कडी घालून बसायला त्यांना पन्नास वर्षं वाट बघावी लागली. मग त्यांच्या मुलीनं, नातीनं तलावाच्या काठावरचा एखादा दगड आपला मानला तर त्यात नवल काय?

त्या दगडाशीच राखणदार येतात.

कधी ते खाकीत असतात. कधी दोन मोटारसायकलींवरून आलेली पाच-सहा पोरं असतात, वयानं त्या जोडप्याएवढीच. कधी फिरायला आलेला एखादा गृहस्थ असतो, ज्याला "हे असलं बघवत नाही". पद्धत मात्र ठरलेली. पहिला प्रश्न, "काय करलालाव इथं?" दुसरा, "नाव काय? पूर्ण नाव सांग." पूर्ण नाव आडनावासाठी हवं असतं. आडनावावरून जात कळते, धर्म कळतो, आणि पुढं किती आवाज चढवायचा ते ठरतं. आडनावं वेगळ्या धर्मांची निघाली की मग प्रकरण त्या दोघांचं उरतच नाही. "आपली" मुलगी म्हणणारे दोन्ही बाजूंना आहेत, आणि मुलगी आपली आहे का हे तिला विचारायची पद्धत दोन्ही बाजूंना नाही.

मग तिसरा प्रश्न येतो. "वडिलांचा नंबर दे."

मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवते, आणि या तीन शब्दांनी आयुष्यं वळलेली पाहिली आहेत. दोन थपडा विसरता येतात. शिव्या तर आमच्या शहरात पोरं एकमेकांना प्रेमानं घालतात. पण हा नंबर मागितला जातो तेव्हा समोर बसलेली एकवीस-बावीस वर्षांची मुलगी एका क्षणात अल्पवयीन ठरते. ती मतदान करते. बँकेत तिच्या एकटीच्या सहीनं खातं उघडतं. उद्या तिच्या सहीनं कर्ज काढता येईल, तिच्या साक्षीवर कोर्टात निकाल लागेल. पण तलावाच्या काठावर तिचं म्हणणं ऐकून घेण्याच्या लायकीची ती नाही. तिच्याबद्दल बोलायचं ते तिच्या वडिलांशी.

आणि फोन झाल्यावर जे होतं ते दोघांना सारखं होत नाही. मुलाला घरी चार शब्द ऐकावे लागतात, फार तर गाडीची किल्ली काढून घेतात. पंधरा दिवसांनी तो वर्गात मागच्या बाकावर हजर असतो. मुलगी येत नाही. माझ्या वर्गात मोहोळकडच्या गावाहून एसटीनं येणारी एक मुलगी होती. रसायनशास्त्रात हुशार, प्रयोगाच्या वहीत एक खाडाखोड नाही. वर्गातल्या एका मुलाबरोबर ती बागेत बसलेली असताना कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं, दम दिला, वडिलांना फोन लावला. पुढच्या सोमवारपासून हजेरीत तिच्या नावापुढं शून्य पडायला लागलं. आम्ही फोन केले. "तब्येत बरी नाही," एवढंच उत्तर. दिवाळीनंतर मैत्रिणींना लग्नाची पत्रिका आली. ते दोघं एकमेकांवर प्रेम करत होते की नव्हते, हे मला आजही ठाऊक नाही, आणि त्यानं काही फरकही पडत नाही. ज्यानं तो फोन लावला त्याला कदाचित त्याच रात्री तो प्रसंग आठवलाही नसेल. एका मुलीची पदवी त्यानं मध्येच कापली आणि घरी जाऊन जेवला.

नैतिकतेच्या या पहाऱ्यावर बोलणारे लोक बहुतेक वेळा काठ्या, मोर्चे, काळं फासणं यांबद्दल बोलतात, कारण ते दिसतं, त्याचे फोटो निघतात. माझा राग त्या फोनवर आहे. तो दिसत नाही, त्याची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही, आणि त्याची किंमत मुलींच्या शिक्षणात मोजली जाते. एका मुलीला अडवलं की तिच्या गावातल्या चार घरांत ठरतं, पोरीला सोलापूरला कशाला पाठवायचं. तालुक्याला आहे ते कॉलेज बास. ज्या मुलीनं तलाव कधी पाहिलाही नाही, तिचाही पास तिथंच बंद होतो.

कायदा काय म्हणतो ते दरवर्षी मी पहिल्या सत्रात मुलांना सांगते. माझा विषय तो नाही, पण सांगते. दोन सज्ञान माणसांनी बागेत शेजारी बसणं, बोलणं, हातात हात घेणं याला या देशात बंदी नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 296 आहे, पूर्वीच्या दंड संहितेचं 294. सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य करून इतरांना उपद्रव दिला तर 3 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बसणं, बोलणं हे अश्लील कृत्य होत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम 110 आहे, असभ्य वर्तनाबद्दलचं. ते कायम ताणून वापरलं जातं. 2015 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ बेटाच्या परिसरातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी अनेक जोडप्यांना ठाण्यावर नेलं, त्यांच्यावर याच कलमाखाली कारवाई केली, 1,200 रुपये दंड घेतला. त्या जोडप्यांनी ओळखपत्रं दाखवून, पैसे भरून खोल्या घेतल्या होत्या. खोलीचं दार बंद होतं. बंद दाराआडच्या वर्तनाला सार्वजनिक म्हणायचं ठरवल्यावर सभ्यतेला जागा तरी कुठली उरते? आणि त्यातही काही मुलींच्या घरी फोन गेलेच.

24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यातला एक विचार मला आमच्या तलावाच्या काठासाठीच लिहिल्यासारखा वाटतो. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, कारण खासगीपणा जागेला चिकटलेला नसतो, माणसाला चिकटलेला असतो. ज्यांच्याकडे चौरस फूट नाहीत त्यांच्यासाठी याहून मोठा दिलासा कुठल्या निकालात असेल असं मला वाटत नाही.

2010 साली खुशबू या अभिनेत्रीच्या खटल्यातही याच न्यायालयानं स्पष्ट बोलून घेतलं होतं. लग्नाआधीच्या संबंधांबद्दल तिनं एका मुलाखतीत मत मांडलं, म्हणून तिच्यावर, मुख्यतः तमिळनाडूत, एकूण 23 तक्रारी झाल्या. न्यायालयानं त्या सगळ्या रद्द केल्या. सामाजिक नीतीच्या कल्पना माणसागणिक बदलतात, त्यांच्यासाठी फौजदारी कायद्याचा बडगा उगारून व्यक्तीच्या आयुष्यात नको इतकी ढवळाढवळ करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

2022 च्या डिसेंबरमधला निकाल मी वर्गात जरा सविस्तर सांगते, कारण त्यात राखणदाराचा चेहरा दिसतो. प्रकरण 2001 सालचं, बडोद्याचं. ऑक्टोबरमधली रात्र. औद्योगिक सुरक्षा दलातल्या एका शिपायानं मोटारसायकलवरून निघालेल्या एका तरुणाला आणि त्याच्या वाग्दत्त वधूला अडवलं. चौकशी सुरू झाली आणि बघता बघता मागणीवर आली. आधी त्या मुलीबरोबर वेळ घालवू दे, ते जमत नाही तर दुसरं काही दे. शेवटी त्यानं मुलाच्या हातातलं घड्याळ घेतलं. नोकरीवरून काढलेल्या या शिपायाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा न्यायालयानं त्याची बडतर्फी योग्य ठरवली आणि म्हटलं, की तो पोलीस अधिकारी नव्हताच, पण पोलीस असता तरी लोकांच्या नीतीवर पहारा ठेवणं, त्यांच्याकडून शरीरसुखाची किंवा वस्तूंची मागणी करणं हे पोलिसाचं काम नाही. मुलं हे ऐकताना एकमेकांकडे बघतात. घड्याळाच्या जागी आता मोबाईलवरून पाठवलेले पाचशे-हजार रुपये असतात, एवढाच बदल. ज्याच्या हातात दुसऱ्याची बेअब्रू करण्याची ताकद आहे आणि ज्याला कुणी जाब विचारत नाही, तो संस्कृतीपासून सुरुवात करतो आणि घड्याळापर्यंत पोचतो.

आता दुसरी बाजू. ती मला माझ्याच गल्लीतल्या अक्कांनी ऐकवली आहे, आणि मी ती मनापासून ऐकली आहे. अक्का आयुष्यभर विड्या वळत आल्या. दोन मुली, एक नात. मी एकदा तावातावानं बोलत होते तेव्हा सूप बाजूला न ठेवता त्या म्हणाल्या, "तुमचं बरं आहे ओ मॅडम. तुमच्या पोरीला काही झालं तर तुम्ही वकील बघता. आमच्या पोरीला काही झालं तर आम्ही दुसरं गाव बघतो."

हे खरं आहे. फसवणूक होते, चित्रफिती काढून धमकावलं जातं, अल्पवयीन मुलींना नादी लावलं जातं, आणि त्यातल्या कित्येक गोष्टी घडल्यावर गरीब घराला ना पोलीस लवकर दाद देतात ना समाज. अशा घरानं आधीच कुंपण घालून घ्यावं, यात मला क्रौर्य दिसत नाही, भीती दिसते. आमच्या गल्लीच्या नजरेनंही मला वाचवलं आहे. कॉलेजच्या दिवसांत एक माणूस माझ्या मागं मागं अशोक चौकापासून यायचा. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातल्या मामांनी ते दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी मला थांबवून विचारलं, "बाळ, हा तुला त्रास देतोय का?" मी हो म्हटलं. पुढं काय झालं ते मला कळलं नाही, पण तो माणूस पुन्हा दिसला नाही. मामांनी घरी काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, असं मी नंतर कधीतरी विचारलं, तर म्हणाले, "तुझं कॉलेज बंद केलं असतं की लगेच."

या शहाण्या माणसाला कुठल्याही निकालपत्राची गरज नव्हती. त्यांनी प्रश्न मला विचारला. माझं उत्तर खरं धरलं. आणि आपल्या मदतीची किंमत मला भरावी लागणार नाही याची काळजी घेतली. तलावाच्या काठावरचा राखणदार यातलं काहीच करत नाही. तो मुलीला विचारत नाही, की तुला इथं यायचं होतं का, तुला हा मुलगा त्रास देतोय का, तुला घरी सोडू का. त्यानं हे तीन प्रश्न विचारले असते तर मी त्याला हात जोडले असते. राज्यात ठिकठिकाणी दामिनी पथकं, निर्भया पथकं आहेत. एसटी स्टँडवर, कॉलेजच्या फाटकाशी छेड काढणाऱ्यांना ती पकडतात तेव्हा मुली निर्धास्त होतात, हे मी पाहिलंय. तेच पथक बागेत जाऊन स्वखुशीनं बसलेल्या सज्ञान मुलीचा फोन नंबर लिहून घेतं, तेव्हा तीच मुलगी उद्या खरोखर छेड निघाली तर त्या पथकाकडे जाईल का? ती नाही जात. मला मुलींनी सांगितलंय, "मॅडम, त्यांना सांगितलं तर ते आधी विचारणार, तू तिथं काय करत होतीस."

सोलापूरला हे सगळं शोभत नाही, असं मी म्हणते तेव्हा काही लोकांना वाटतं मी बाहेरचे वारे आणतेय. मी इथलंच बोलतेय. हा तलाव ज्यांच्या नावाचा आहे ते सिद्धराम बाराव्या शतकातल्या शरणांपैकी, म्हणजे लिंगायत संतांपैकी, बसवण्णा, अल्लमप्रभू, अक्कमहादेवी यांच्या मांदियाळीतले. त्या मांदियाळीनं कल्याणमध्ये, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणमध्ये, काय केलं? परंपरा सांगते, की चर्मकार हरळय्याच्या मुलाचं आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचं लग्न शरणांनी लावून दिलं. बिज्जल राजानं दोन्ही बापांना हत्तीच्या पायाला बांधून मारलं. समाजाची नीती बिघडवली, हाच आरोप होता. त्या कथेत आपण कुणाच्या बाजूचे, हे सोलापूरकरांना वेगळं सांगावं लागू नये. दरवर्षी संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता टाकायला लाखांची गर्दी जमते, ती त्याच सिद्धरामांवर प्रेम करते.

आणि अक्कमहादेवी. राजाचं घर सोडून, वस्त्रंही टाकून, केसांनी अंग झाकून ती कल्याणला आली. शरणांच्या सभेत, अनुभवमंटपात, अल्लमप्रभूंनी तिला प्रश्न विचारले, अवघड, टोचणारे. तिनं उत्तरं दिली. ती ऐकून सभेनं तिला आपलं म्हटलं. तिच्या नवऱ्याला किंवा बापाला कुणी बोलावणं धाडलं नाही.

मंगळवेढ्याची कान्होपात्राही आमच्याच जिल्ह्यातली. गणिकेच्या पोटी जन्मली, पण आईचा धंदा करणार नाही म्हणाली, आणि बिदरच्या बादशहाचा हुकूम आला तेव्हा त्याच्याकडे जाण्यापेक्षा विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला. आपल्या शरीराबद्दल आपण ठरवणार, हे तिनं पंधराव्या शतकात म्हटलं. तिला संत म्हणून आपण हात जोडतो, आणि बाविसाव्या वर्षी आपला जोडीदार आपण निवडणार म्हणणाऱ्या मुलीला कोंडून ठेवतो.

याच शहराच्या बागेला हुतात्म्यांचं नाव आहे. 1930 च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याला फाशी झाली. रस्त्यावर कोण कशासाठी उभा राहील हे बंदुकीच्या धाकानं ठरवलं जातं तेव्हा शहराचा जीव कसा गुदमरतो, हे सोलापूरच्या आजोबा-पणजोबांनी अनुभवलं होतं. जास्त बोलत नाही, एवढंच वाटतं की त्या नावाच्या बागेत कुणी कुणाला आडनाव विचारू नये.

पण मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सोलापूर जिल्ह्याचा आकडा आहे. 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी सुमारे 40 टक्के जणींचं लग्न वयाची 18 वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास, आमची जवळपास दुप्पट. म्हणजे दर दहांतल्या चार मुली. ही लग्नं अंधारात होत नाहीत. मांडव पडतो, पत्रिका वाटल्या जातात, जेवणावळी उठतात, पुढारी आशीर्वाद द्यायला येतात. बालविवाह हा गुन्हा आहे, आणि तो शेकडो माणसांच्या डोळ्यांदेखत होतो. तिथं एकही राखणदार उठून विचारत नाही, "नवरीचं वय काय? शाळेचा दाखला दाखवा." बावीस वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीनं तलावावर बसली तर संस्कृती बुडते, आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या अंगावर अक्षता पडतात तेव्हा ती तरते. मुलींच्या रक्षणासाठी आम्ही फिरतो म्हणणाऱ्यांना माझं कळवळून सांगणं आहे, तुमच्या मोटारसायकली त्या मांडवांकडे वळवा. मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, 1098 वर, फोन लावा. तिथं खरोखर एक मुलगी वाट बघत असते.

आणि या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. त्या बालविवाहांमागं हुंडा आहे, ऊसतोडीचं स्थलांतर आहे, दुष्काळ आहे, गरिबी आहे. पण कुठल्याही आईला विचारा, ती एक वाक्य हमखास बोलते, "पोरीचं काही कानावर येण्याआधी उजवून टाकलेलं बरं." ते "काही" कानावर घालणारा माणूस कोण? तोच, नंबर मागणारा. त्याच्या धाकानं अठराची वाट न बघता मुली उजवल्या जातात.

ज्यांना पुढं जाऊन कायद्यानंच लग्न करायचंय त्यांनाही हा पहारा सोडत नाही. 1954 चा विशेष विवाह कायदा चांगला आहे, जात-धर्म न बदलता लग्न करू देतो. पण त्यात नोटिशीची तरतूद आहे. दोघांची नावं-पत्ते विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावायचे आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबायचं. कायदा करणाऱ्यांचा हेतू फसवणूक टाळण्याचा असेल. प्रत्यक्षात त्या फलकासमोर उभं राहून आडनावं वाचणारे आणि दोन्ही घरी फोन लावणारे लोक असतात. नात्यात ठरलेल्या लग्नाला अशी महिनाभराची परीक्षा नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानं 2021 च्या जानेवारीत अशी नोटीस जाहीर करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, तसं सगळ्या देशात व्हायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली शक्तिवाहिनी खटल्यात अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तास चालणारी हेल्पलाइन, निवारा यांची सोय करायला सांगितलं होतं. आपल्या जिल्ह्यातला कक्ष कुठं आहे हे मुलांना माहीत नसतं, वडिलांना तर त्याहून नसतं. महाराष्ट्रानं तर याही पुढं जाऊन सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, देशात पहिल्यांदा. 2017 च्या जुलैपासून तो लागू आहे. जातीबाहेर लग्न केलं म्हणून कुटुंबाला वाळीत टाकलं तर 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड. "लोक काय म्हणतील" म्हणणाऱ्या प्रत्येक बापाला हे कुणीतरी समजावून सांगायला हवं, की लोकांनी जास्त काही म्हटलं तर लोकच आत जाऊ शकतात.

महाराष्ट्रानं हा वाद आधीही अंगावर घेतला आहे. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून पुढं पाव शतकाहून जास्त काळ "समाजस्वास्थ्य" हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले झेलले, आणि 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला. पण शोषितांची बाजू लढणाऱ्या माणसाला संततिनियमनावर लिहिणाऱ्या एका माजी प्राध्यापकाची बाजूही आपलीच वाटली, यात मला फार मोठा आधार वाटतो. हेच बाबासाहेब 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत म्हणाले होते, की संविधानिक नीती ही माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. जोपासायची म्हणजे कुठून सुरुवात करायची? मी वर्गापासून करते.

सांगते, की कुणीही खासगी माणूस तुम्हाला ओळखपत्र मागू शकत नाही, तुमचा मोबाईल हातातून घेऊ शकत नाही. कुणी वाट अडवली तर न्याय संहितेच्या कलम 126 खाली तोच गुन्हा आहे. मुलीच्या खासगीपणात घुसून, तिला लाज वाटेल असं बोललं तर कलम 79 आहे. पोलीस असतील तर छातीवरची नावाची पट्टी वाचा. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी आणि महिला अधिकारी लागते. 112 हा तातडीच्या मदतीचा नंबर तुमचाही आहे, त्यांच्या एकट्यांचा नाही. मुलं लिहून घेतात. मुली लिहून घेत नाहीत, नुसत्या ऐकतात, आणि तास संपल्यावर एखादी थांबते. "मॅडम, हे सगळं बरोबर आहे. पण घरी कळलं तर?"

याचं उत्तर कुठल्या कलमात नाही. म्हणून मी आता घरी जाते.

या वर्षी अशाच एका मुलीच्या घरी गेले होते. अक्कलकोट रोडच्या बाजूला, यंत्रमागावर काम करणारे वडील, टॉवेलच्या कारखान्यात. फोन येऊन गेला होता आणि मुलगी घरात होती. मला वाटलं होतं आता आरडाओरड होणार. वडिलांनी चहा मागवला. बराच वेळ मागाच्या मजुरीबद्दल, विजेच्या बिलाबद्दल बोलत राहिले. मग म्हणाले, "पोरीनं काय वाईट केलं असं मी म्हणत नाही मॅडम. पण त्या लोकांकडे आता माझा नंबर आहे. ते परत फोन करतात. पैसे मागतात. नाही दिले तर बिरादरीच्या ग्रुपवर फोटो टाकतो म्हणतात."

मी म्हटलं, हे तर सरळ खंडणी मागणं झालं, तक्रार देऊ, मी बरोबर येते. ते गप्प राहिले. आतून मुलीच्या आईनं विचारलं, "परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख कधीपर्यंत हाय?" मी सांगितली. फॉर्म भरला आहे. मुलगी अजून तासाला येत नाही, मैत्रिणीकडून वह्या मागवते. तक्रारीचं वडिलांनी ठरवलेलं नाही. ठाण्यात गेलं तर आणखी चार लोकांना कळेल, असं त्यांना वाटतं. ओळखीच्या एका वकील बाईंशी मी बोलले आहे. त्या घरी यायला तयार आहेत. पुढच्या रविवारी, कारखान्याला सुट्टी असते तेव्हा, आम्ही दोघी जाणार आहोत.